गच्चीवरचे तळे आणि शंभर वर्षांपूर्वीचे विरजण

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास, गाड्या धुण्यास आणि कारंज्यांसाठी वापरण्यास मनाई केली. नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड होता. शहरातील कूपनलिका आटत चालल्या होत्या आणि टँकरची वाट पाहणे हा अनेक वस्त्यांचा दिनक्रम झाला होता. त्या दिवसांत आमच्या गच्चीवरचा पालक मात्र टवटवीत होता. त्यासाठी आम्ही कोणताही नियम मोडला नव्हता. तिथले पाणी माशांच्या टाकीतून खडीच्या वाफ्यात जाते आणि वाफ्यातून पुन्हा टाकीत येते. बाष्पीभवनाने जेवढे उडते तेवढेच अधूनमधून भरावे लागते.

शेजाऱ्यांनी आणि संस्थेतील विद्यार्थ्यांनी तेव्हा एकच प्रश्न वारंवार विचारला: हे अमेरिकेतून आलेले नवे तंत्र आहे का? अ‍ॅक्वापोनिक्स हा शब्द परका आहे, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता. मीही बरीच वर्षे तसेच समजत होते. माझी ही समजूत ज्या घटनेने बदलली, ती मात्र फारशी अभिमानास्पद नाही.

२०२२ साली मी दोनशे लिटरच्या पिंपाची व्यवस्था वाढवून हजार लिटरची केली. पिंपात आठ सायप्रिनस मासे वर्षभर सुखाने वाढले होते. नव्या टाकीत मी चोवीस सोडले. पंपाचा प्रवाह मोजला, पाण्याचे तापमान नोंदवले, वाफ्याचा उतार काढला. भौतिकशास्त्राच्या पदवीला शोभेल असे सारे काही केले. जुन्या वाफ्यातली काळपट, बुळबुळीत खडी क्लोरीन घातलेल्या पाण्याने तीन वेळा स्वच्छ धुऊन नव्या खडीत मिसळली. सहाव्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. दुपारपर्यंत अकरा मेले.

त्या वेळी आई साताऱ्याहून आलेली होती. खडी धुतल्याचे मी सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, विरजणाचं भांडंच घासून ठेवलंस की तू!"

हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने किती अचूक होते, ते कळण्यासाठी मला जवळजवळ दीडशे वर्षे मागे जावे लागले आणि त्या वाटेवर बेंगळुरूच पुन्हा लागले.

आधी त्या टाकीत काय घडले ते पाहू. माशांच्या खाद्यात साधारण ३२ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांचा सुमारे सहावा भाग नत्राचा असतो. मासा त्यातील थोडे नत्र स्वतःच्या मांसात साठवतो; उरलेल्यापैकी बरेचसे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. ढोबळ हिशेब असा की, शंभर ग्रॅम खाद्यामागे तीन ग्रॅम नत्र अमोनिया होऊन पाण्यात येते. माझे चोवीस मासे दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम खात होते. म्हणजे हजार लिटर पाण्यात रोज लिटरमागे १.३ मिलिग्रॅमची भर पडत होती. पाच दिवसांत सहाच्या वर. अमोनियाची विषारी आणि जवळजवळ निरुपद्रवी अशी दोन रूपे पाण्यात एकत्र नांदतात व त्यांचे प्रमाण पीएच ठरवतो. पीएच ७ असताना विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, पण कूपनलिकेच्या जड पाण्यासारखा पीएच ८.२ असेल तर तो आठ टक्क्यांवर जातो. एवढे प्रमाण माशांचे कल्ले जाळायला पुरेसे होते.

जुन्या पिंपात हे का घडत नव्हते? तिथे खडीवरच्या बुळबुळीत थरात जिवाणूंच्या वसाहती होत्या. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट माशांना फारसा त्रास देत नाही आणि भाजीला तेच हवे असते. मासे आणि भाजी हे दोन भागीदार सर्वांना दिसतात, हा तिसरा दिसत नाही. मी टाकी वाढवली, मासे वाढवले, वाफा वाढवला आणि या तिसऱ्या भागीदाराला गटारात सोडून दिले.

हा भागीदार माणसाला नकळत फार पूर्वीपासून उपयोगी पडत आला आहे. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गुरांच्या गोठ्यांजवळची, वस्तीलगतची खारी माती खरवडून तिच्यातून सोरा काढत. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील कंपन्या हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी जहाजे भरभरून नेत. सोरा म्हणजे मुख्यतः पोटॅशियम नायट्रेट. गुरांच्या मुतातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते, हे त्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. पण ते कोण करते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हवेतील प्राणवायू आणि माती यांच्यातील ही एक साधी रासायनिक क्रिया असावी, असे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी हा समज मोडला. त्यांनी वाळू आणि खडूची भुकटी भरलेल्या लांब नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही. खालून अमोनियाच बाहेर येत राहिला. नंतर नायट्रेट येऊ लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट थांबले. पुढे थोड्या मातीची धुवण ओतली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. अर्थात, हे काम सजीवांचे होते. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी झ्युरिक येथे ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. अन्नासाठी सेंद्रिय पदार्थावर न विसंबता अमोनियाच्या ज्वलनातून ऊर्जा मिळवणारे हे जीव होते. त्या ज्वलनातून ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून ते सावकाश वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना बारा तासांपासून दिवसभराचा आणि कधी त्याहून अधिक वेळ लागतो. श्लोझिंग यांच्या नळीतील ते वीस दिवस म्हणजे याच सावकाशीचा कालावधी होता. आज कोणीही घरी नवी टाकी लावतो तेव्हा त्याला तेवढेच, बहुधा चार ते सहा आठवडे थांबावे लागते. श्लोझिंग यांच्या नळीत आणि माझ्या वाफ्यात तत्त्वतः काहीच फरक नव्हता. ते थांबले होते, मी थांबले नव्हते.

थांबण्याचा हा काळ कमी कसा करायचा, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक जण पुढे बेंगळुरूत येऊन स्थिरावला. त्याचे नाव गिल्बर्ट फाउलर. ते मँचेस्टर शहराच्या मैलापाण्याच्या कामाशी निगडित रसायनशास्त्रज्ञ होते. १९१२ मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात गेले. तिथे मैलापाणी भरलेल्या बाटल्यांत हवा फुंकून ते निवळवण्याचे प्रयोग चालू होते. परत आल्यावर त्यांनी ही कल्पना एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या सहकाऱ्यांना सांगितली. त्या दोघांनी मैलापाण्यात हवा फुंकली, तेव्हा अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. निवळलेले पाणी ओतून दिले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर पाच आठवड्यांचे काम चोवीस तासांत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांनी हा निबंध वाचला. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे क्रियाशील केलेला गाळ, हे नाव तेव्हाचे. जगातील मोठ्या शहरांचे मैलापाणी आजही बहुतांशी याच तत्त्वावर शुद्ध होते.

कालचा थोडा भाग राखून उद्यासाठी वापरायचा, या कृतीला मराठी घरात विरजण म्हणतात. आईने एका वाक्यात जे सांगितले, तेच १९१४ च्या त्या निबंधाचे सार होते.

१९१६ मध्ये फाउलर बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आले. जुने बेंगळुरूकर या संस्थेला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. १९२१ मध्ये तिथे जीवरसायन विभाग सुरू झाला आणि फाउलर त्याचे पहिले प्रमुख झाले. याच विभागात १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दाखल झाल्या, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल.

भारतात आल्यावर फाउलर यांच्या विचाराला निराळे वळण मिळाले. मँचेस्टरमध्ये मैलापाणी ही आरोग्याची अडचण होती. इथे त्यांना त्यात वाया जाणारे नत्र दिसू लागले. शेताला नत्र कमी पडते आणि शहर तेच नत्र नदीनाल्यात सोडून देते, ही विसंगती त्यांनी आपल्या कामाच्या मध्यभागी ठेवली. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच नत्रसंधारणाचे जीवरसायन हा होता. हा विचार आपल्या मातीला परका नव्हता. सोनखत हा शब्द मराठीत उगीच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे परिसरात मैल्याचे खत उसाला घातले जात होते. फाउलर यांनी या व्यवहाराला प्रयोगशाळेचे मोजमाप दिले.

त्या मोजमापाचा धागा इंदूरपर्यंत गेला. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संयुक्त ग्रंथात फाउलर यांच्या बेंगळुरूतील क्रियाशील कंपोस्टच्या प्रयोगांची चर्चा आहे. इंदूर पद्धतीचे श्रेय देताना वाड यांचे नाव अनेकदा गळते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र ते हॉवर्ड यांच्या बरोबरीने आहे. बेंगळुरूच्या याच विभागाचे पुढे प्रमुख झालेले व्ही. सुब्रह्मण्यन यांनी त्याआधी, १९२७ मध्ये, पाणथळ जमिनीच्या जीवरसायनावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले होते. पाण्याखाली गेलेल्या जमिनीत अमोनिया साठतो पण त्याचे नायट्रेट होत नाही, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही, हे त्या कामातून स्पष्ट होते. सुब्रह्मण्यन यांना आपण बहुधा म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक म्हणून ओळखतो.

म्हणजे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस, अ‍ॅक्वापोनिक्सला लागणारी जवळजवळ सगळी समज एका भारतीय शहरात एकत्र आली होती: अमोनियाचे नायट्रेट कोण करते, त्यांना किती हवा लागते, त्यांचे विरजण कसे राखायचे आणि त्यातून तयार होणारे नत्र पिकाला कसे द्यायचे. मासे तेवढे नव्हते. मासे होते कोलकात्यात. विद्याधरी नदी मृतप्राय झाल्यावर, १९३० च्या सुमारास, शहराच्या पूर्वेकडील पाणथळीत मैलापाणी सोडून मत्स्यपालन सुरू झाले. तिथे हवा फुंकणारे यंत्र नव्हते. उथळ पाणी, ऊन आणि शेवाळ मिळून प्राणवायू पुरवत. तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी भाताला आणि भाजीला जाई. सुमारे १२,५०० हेक्टरची ही पाणथळ २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाली. शास्त्रज्ञांच्या आराखड्याविना, मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी स्वतः उभी केलेली ही व्यवस्था आहे.

हे दोन धागे भारतात एकत्र का विणले गेले नाहीत? एक कारण मला ठळक वाटते. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाउ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये सिंदरीचा खत कारखाना उत्पादन देऊ लागला. दुष्काळाच्या आणि धान्यटंचाईच्या छायेतील देशाला त्याची निकड होती, आणि त्या खतामुळे कोट्यवधी लोक जेवले हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नत्र पोत्यात मिळू लागल्यावर मैलापाण्यातले नत्र राखण्याची गरज कोणाला उरली नाही. शहरासाठी ते केवळ घाण ठरले.

पुढची कथा अमेरिकेत घडली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने केप कॉड येथे मासे आणि भाज्या एका काचगृहात वाढवून पाहिल्या. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांचे पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरवले. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी अनेक वर्षे नोंदी ठेवून खाद्य, मासे आणि वाफ्याचे क्षेत्रफळ यांचे प्रमाण बसवले. त्यांचे काम मोलाचे आहे. आज पालेभाजीच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, असा जो नियम अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत आहे, तो अशाच नोंदींतून आला. नाव आणि प्रमाण तिकडून आले, हे खरे. खडीवरच्या विरजणाचे शास्त्र मात्र त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी आमच्या शहरात शिकवले जात होते.

हे सांगण्यामागे 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असा दावा करण्याचा हेतू नाही. फाउलर मँचेस्टरहून आले, त्यांना सुचले लॉरेन्समध्ये, आणि पाया फ्रेंच व रशियन संशोधकांनी घातला. आपल्याकडे होते ते आपण पुढे नेले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याची किंमत लहान नाही. मार्च २०१६ मध्ये उल्सूर तलावात हजारो मासे मरून तरंगले. मैलापाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपला होता. बेळ्ळंदूर तलावावर फेस चढला आणि त्या फेसाला आगही लागली. माझ्या टाकीत अकरा मासे मेले आणि उल्सूरमध्ये हजारो, पण दोन्हीकडे चूक एकाच जातीची होती: पाण्यात जाणारे नत्र वाढवले, आणि ते पचवणाऱ्या जिवाणूंना जागा, हवा व वेळ दिला नाही.

हवेचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याजोगा आहे. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो. माझ्या टाकीतील रोजच्या १.३ ग्रॅमसाठी सहा ग्रॅम. २५ अंशांना समुद्रसपाटीवर लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. बेंगळुरू नऊशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो सुमारे दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे हजार लिटरच्या संपृक्त टाकीत सारा मिळून साडेसात ग्रॅमही नाही. जिवाणूच त्यातला बहुतेक रोज संपवणार. माशांचा श्वास वेगळाच. म्हणून व्यवस्था वाढवायची तर आधी हवा वाढवावी लागते, मग खडीचा पृष्ठभाग आणि मासे सर्वांत शेवटी.

दुसऱ्या खेपेस मी तसेच केले. ओळखीच्या एकाच्या चालू टाकीतून बादलीभर न धुतलेली खडी आणली. दोन महिने खाद्य अगदी थोडे ठेवले, आठवड्यातून दोनदा अमोनिया आणि नायट्राइट मोजले, आणि दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे चार-चार करून वाढवले. वीज गेली की चालणारा बॅटरीवरचा हवापंप आधी घेतला, कारण रात्री दोन तास हवा बंद राहिली तरी सारे संपते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. माशांच्या खाद्यातून नत्र मिळते, पण पालाश, चुना आणि लोह पुरेसे मिळत नाहीत. ते वरून द्यावे लागतात. पंप अहोरात्र चालतो. खाद्य विकत आणावे लागते. दोन चौरस मीटरच्या वाफ्यातून घरापुरता सोप्पु निघतो; इथे पालेभाजीला सोप्पु म्हणतात. वर्षाकाठी थोडे मासे. यातून शहर जेवणार नाही. शहराच्या पातळीवरचे उत्तर वेगळे आहे आणि त्याची एक चाचणी आमच्या शेजारीच चालू आहे. २०१८ पासून बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडले जात आहे. त्याची गुणवत्ता पुरेशी आहे का, यावर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण नत्र आणि पाणी दोन्ही परत शेताकडे जावेत, हा फाउलर यांचाच प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा पटावर आला आहे.

हा विषय संपलेलाही नाही. विनोग्राड्स्कींपासून सव्वाशे वर्षे आपण शिकवत आलो की अमोनिया ते नायट्रेट हे काम दोन वेगळ्या जिवाणूंचे असते. २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की नायट्रोस्पायरा कुळातील काही जिवाणू हे सारे काम एकटेच करतात. त्यांपैकी एका गटाला ते मत्स्यपालनाच्या फिरत्या पाण्याच्या गाळणीत सापडले होते. अशीच गाळणी आमच्या गच्चीवर आहे आणि तुमच्यापैकी कोणाच्याही गच्चीवर असू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ही व्यवस्था उभारणार असाल, तर खडी नवी आणण्याआधी जुनी कोणाकडे मिळते का ते पाहा. गेल्या दोन वर्षांत आमच्या टाकीतली खडी पाच घरी गेली आहे. दर वेळी देताना एकच सूचना दिली जाते: ओली ठेवा, आणि धुऊ नका.